दोन सुरांचा निरोप: ४०४६ चा पीएलएल लावून एफएसके कसं वाचायचं

आमची विहीर ओढ्याच्या काठाला आणि आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती, वर माळावर. मधलं अंतर तारेनं मोजलं तर सातशे मीटर. विहिरीत पाणी किती उरलं आणि डीपीवर थ्री फेज आलीय का, या दोनच गोष्टी आखाड्यावर बसून कळाव्यात एवढीच गरज. मोबाइलवर चालणारे स्टार्टर बाजारात आहेत, पण ओढ्याच्या खोलगटात रेंज येत नाही आणि रात्रपाळीच्या थ्री फेजला तर कंदील घेऊन जाण्यापलीकडे इलाज नव्हता. म्हणून टेलिफोनची दोन तारांची जुनी वायर बांधाबांधानं ओढली आणि तिच्यावरून दोन सुरांत निरोप पाठवायचं ठरवलं: १ साठी एक सूर, ० साठी दुसरा. यालाच फ्रिक्वेन्सी शिफ्ट कीइंग, म्हणजे एफएसके म्हणतात.

सरळ डीसी व्होल्टेज का नाही पाठवलं? पाठवून पाहिलं. पावसाळ्यात काळ्या रानात वायरचा जोड ओला झाला की व्होल्टेज गळतं. सूर मात्र निम्म्यानं बारीक झाला तरी सूरच राहतो. त्याची उंची बदलत नाही, आवाज तेवढा कमी होतो.

पाठवणं सोपं असतं. खरी कसरत पलीकडच्या टोकाला सूर ओळखण्याची. ते काम फेज लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल करतो. १९३२ साली हेन्री द बेलसिझ या फ्रेंच अभियंत्यानं रेडिओसाठी ही कल्पना मांडली. पुढे ५६५ ही पीएलएल आयसी आली आणि कॉलेजच्या प्रयोगवहीत ती कायमची जाऊन बसली. मी ५६५ वापरत नाही. ती जुन्या साठ्यातून मिळते, त्यात खरी कुठली आणि घासून नाव टाकलेली कुठली ते कळत नाही. सीडी ४०४६ हीही पीएलएलचीच आयसी, स्वस्त आहे आणि सहज मिळते. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

लूप म्हणजे काय, थोडक्यात

४०४६ च्या पोटात एक ऑसिलेटर आहे, त्याला व्हीसीओ म्हणतात. पिन ९ वर जेवढं व्होल्टेज, तेवढा त्याचा सूर वर. दुसरा भाग फेज कंपॅरेटर. तो बाहेरून आलेला सूर आणि व्हीसीओचा सूर शेजारी ठेवून पाहतो आणि कोण पुढे, कोण मागे ते सांगतो. त्याचं सांगणं एका आरसी फिल्टरमधून गुळगुळीत होऊन परत पिन ९ वर येतं. बैलजोडीसारखं आहे. एक बैल पुढे निघाला की जू दुसऱ्याला ओढतं. लॉक लागला की व्हीसीओ आलेल्या सुरामागं चालतो, आणि त्याला तसं चालवणारं पिन ९ चं व्होल्टेज हाच आपला डीमॉड्युलेट झालेला, म्हणजे सुरातून परत काढलेला निरोप.

नव्यानं करणारा बहुतेक जण सगळं सर्किट एकदम जोडतो, सिग्नल देतो आणि लॉक लागत नाही म्हणून कपॅसिटर बदलत बसतो. मीही दोन रविवार तेच केलं. लूप तोडलेला असताना व्हीसीओ आधी एकटा मोजा. तो कुठे उभा आहे हेच ठाऊक नसेल तर फिल्टरची कितीही गणितं करा, ती हवेत राहतात.

सूर आणि वीज आधी ठरवा

मी १३०० आणि २१०० हर्ट्झ घेतले. ही जोडी व्ही.२३ या जुन्या मोडेम मानकातली आहे आणि टेलिफोनच्या वायरीला मानवते. मध्य १७००, दोन्हीकडे ४०० चं अंतर. वेग ३०० बॉड, म्हणजे इथं सेकंदाला ३०० बिट. आपल्याला पाठवायचा एकच बाइट, घाई कसलीच नाही. निरोप वाचायला अर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. त्याचं हार्डवेअर सिरियल ३०० वर चालतं, १०० वर उतरत नाही. हेही एक कारण.

व्ही.२३ मध्ये १ ला १३०० असतो. मी उलटं केलं: १ ला २१००, ० ला १३००. कारण व्हीसीओचं व्होल्टेज वरच्या सुराला वर जातं आणि सिरियलची मोकळी ओळही वर असते, मग मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. हे जुळलं नाही तर अक्षरं येतात, पण सगळी भलतीच.

वीज ९ व्होल्ट, ७८०९ रेग्युलेटरमधून. ५ व्होल्टवर ४०४६ चालते, पण निरोप बाहेर काढायची पिन १० ही पिन ९ पेक्षा दीडेक व्होल्ट खाली असते. पाचातून दीड गेले की खालच्या सुराला पिन १० जवळपास जमिनीला टेकते. आणि रेग्युलेटरशिवाय थेट बॅटरीवर मुळीच नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

व्हीसीओ एकटा मोजणं

जोडणी अशी. पिन १६ ला ९ व्होल्ट, पिन ८ आणि पिन ५ ग्राउंडला. पिन ५ मोकळी राहिली तर व्हीसीओ कधी चालेल कधी नाही, आणि तुम्ही आयसीला शिव्या द्याल. पिन १६ आणि ८ च्या मध्ये अगदी आयसीला खेटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन ६ आणि ७ च्या मध्ये १० नॅनोफॅरडचा टायमिंग कपॅसिटर. पिन ११ ते ग्राउंड आर-१ हा रेझिस्टन्स, पिन १२ ते ग्राउंड आर-२.

सूत्रं दोन, त्यांत सी म्हणजे टायमिंग कपॅसिटर. सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी = १ ÷ (आर-२ × सी). सगळ्यात वरची = खालची + १ ÷ (आर-१ × सी). मला खाली ९०० हवी, म्हणजे आर-२ सुमारे १११ के. वर २९०० च्या आसपास, म्हणजे आर-१ सुमारे ५० के. पण ही सूत्रं गावची दिशा दाखवतात, घर नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ४०४६ मध्ये वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून ठोक रेझिस्टन्स लावू नका: आर-२ साठी ८२ के अधिक ५० के चा प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचा छोटा रेझिस्टन्स), आर-१ साठी ३३ के अधिक ५० के चा प्रीसेट. प्रीसेट दहा फेऱ्यांचे घ्या.

टायमिंग कपॅसिटर पॉलिस्टरचा घ्या, ज्यावर १०३जे लिहिलेलं असतं. जे म्हणजे पाच टक्के. तपकिरी सिरॅमिक चकती घेऊ नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेर पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून वर. ती चकती उन्हानं सूर बदलते. मी हेअर ड्रायरनं तापवून पाहिलं आणि मीटरवरचे आकडे पळताना दिसले.

आता मोजणी. हर्ट्झ दाखवणारा साधा मल्टिमीटर पिन ४ वर लावा.

पिन ९ सरळ ग्राउंडला टेकवा. आता फक्त आर-२ बोलतोय. प्रीसेट फिरवून ९०० हर्ट्झ आणा.

मग पिन ९ ग्राउंडवरून काढा आणि एका १० के च्या पॉटच्या (पोटेन्शिओमीटरच्या) मधल्या टोकाला जोडा. पॉटची बाकीची दोन टोकं ९ व्होल्ट आणि ग्राउंडला. मधलं टोक बरोबर ४.५ व्होल्टवर ठेवा आणि आर-१ चा प्रीसेट फिरवून १७०० हर्ट्झ आणा. ४.५ च का? आपण जो फेज कंपॅरेटर वापरणार आहोत तो सिग्नल नसताना सरासरी निम्मं व्होल्टेज देतो. म्हणजे व्हीसीओ विश्रांतीला निम्म्यावर थांबतो, आणि तो आपल्या दोन सुरांच्या बरोबर मध्ये थांबायला हवा.

मग अर्ध्या-अर्ध्या व्होल्टनं पॉट वर नेत कागदावर तक्ता करा. पहिल्या एक-दीड व्होल्टपर्यंत फ्रिक्वेन्सी हलतच नाही, घाबरू नका. त्यानंतर रेष सरळ चढते. माझ्याकडे ३ व्होल्टच्या आसपास १३०० आणि ६ च्या आसपास २१०० मिळाले, म्हणजे एका व्होल्टला साधारण २६७ हर्ट्झ. तुमचा आकडा वेगळा येईल. तो लिहून ठेवा, फिल्टरला लागणार आहे.

कुठला कंपॅरेटर

४०४६ मध्ये दोन आहेत. पिन १३ चा दुसरा कंपॅरेटर कागदावर देखणा आहे, लॉकची हद्द (लागलेला लॉक जिथपर्यंत टिकतो) तेवढीच पकडीची हद्द (सुटलेला लॉक जिथून पुन्हा लागतो). पण तो सिग्नलच्या कडा मोजतो. शेजारच्या रानात स्टार्टरचा खटका पडला आणि एक कडा जास्त आली की तो भरकटतो. सातशे मीटर उघड्या वायरीवर तो नको. पिन २ चा पहिला कंपॅरेटर म्हणजे साधं एक्सॉर गेट, दोन इनपुट वेगळे असले तरच आउटपुट वर. गोंगाटात ते टिकून राहतं. त्याचे दोन हट्ट आहेत. आलेली लाट अर्धी वर अर्धी खाली, अगदी समसमान हवी. आणि ते मूळ सुराऐवजी त्याच्या पटीतल्या सुरालाही लॉक होऊ शकतं: चौकोनी झालेला ५०० हर्ट्झचा गोंगाट असेल तर त्याची तिप्पट १५०० ही आपल्या पट्ट्यात येते.

पहिला हट्ट पुरवायला सिग्नल आधी एलएम ३९३ च्या एका कंपॅरेटरमधून चौकोनी करून घ्या. हा फेजचा नव्हे, दोन व्होल्टेजमधलं मोठं कुठलं ते सांगणारा कंपॅरेटर, आणि ३९३ मध्ये असे दोन असतात. वायरीच्या टोकाला ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, त्यानंतर १०० नॅनोफॅरड आणि १० के, म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण बरीचशी बाहेरच राहते. ३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, ते फक्त खाली ओढतं, म्हणून ४.७ के नं ९ व्होल्टला ओढा आणि थेट पिन १४ वर द्या. समसमान आहे का हे पाहायला ऑसिलोस्कोप लागत नाही. सूर चालू असताना तिथं मल्टिमीटरनं डीसी व्होल्टेज बघा. ४.५ च्या जवळपास असेल तर ठीक. ३.८ दाखवत असेल तर कंपॅरेटरचा बायस, म्हणजे तुलनेचं स्थिर व्होल्टेज, हलवा.

लूप फिल्टर, इथंच वेळ द्या

पिन २ वरून आर-३, मग पिन ९, आणि पिन ९ पासून ग्राउंडला सी-२. एवढाच फिल्टर. पण सगळी तारेवरची कसरत या दोन भागांत आहे.

फिल्टर जड केला तर पिन ९ वरची थरथर, म्हणजे कंपॅरेटरचे न गाळलेले खटके, कमी होते, पण लूप आळशी होतो आणि दूरचा सूर पकडतच नाही. हलका केला तर लूप चपळ, पण थरथर निरोपात मिसळते. पकडीची हद्द अशी काढतात: (१ ÷ २π) × वर्गमूळ(२π × लॉकची हद्द ÷ टाऊ). टाऊ म्हणजे आर-३ गुणिले सी-२. आपली लॉकची हद्द मध्यापासून खालच्या बाजूला ८०० हर्ट्झ आहे, तीच धरू.

हाताशी असतो म्हणून सगळे ०.१ मायक्रोफॅरड लावतात. २२ के बरोबर टाऊ झाला २.२ मिलिसेकंद, आणि पकड फक्त ±२४० हर्ट्झ. आपले सूर मध्यापासून ४०० वर आहेत. लूप त्यांना पकडणारच नाही. माझे ते दोन रविवार इथंच गेले. तोच सी-२ १० नॅनोफॅरड केला की टाऊ ०.२२ मिलिसेकंद आणि पकड ±७६० च्या घरात.

मग आणखी हलका का नको? इथं डॅम्पिंग, म्हणजे उसळीला लागणारा आवर, बघायचं. कंपॅरेटरचा गेन ९ ÷ π म्हणजे सुमारे २.८६ व्होल्ट प्रति रेडियन. व्हीसीओचा गेन २६७ गुणिले २π, साधारण १६७५. गुणाकार ४८०० च्या जवळ. साध्या आरसीसाठी डॅम्पिंग = ०.५ ÷ वर्गमूळ(४८०० × टाऊ). टाऊ ०.२२ मिलिसेकंद घातला की ०.४९ येतं. म्हणजे सूर बदलला की व्होल्टेज थोडं पुढे उसळी घेऊन दोनेक मिलिसेकंदांत स्थिरावतं. ३०० बॉडला एक बिट ३.३ मिलिसेकंदांचा, त्यात बसतं. टाऊ ०.१ केला तर उसळी जवळपास जाते, पण थरथर दुप्पट होते. १२०० बॉड हवं असेल तर याच आकड्यांवर हट्ट धरू नका, सगळं गणित पुन्हा मांडा. मी २२ के आणि १० नॅनोफॅरडवर थांबलो.

लूप जोडा आणि तपासा

पॉट काढा. पिन ४ वरून पिन ३ ला वायर, आर-३ आणि सी-२ जागेवर. सिग्नल न देता पिन ४ मोजा: १७०० च्या आसपास हवेत. नसतील तर मागं जा.

आता दुसऱ्या अर्डुइनोच्या टोन फंक्शननं एकच स्थिर सूर द्या. आधी वायरीशिवाय, टेबलावर. १७०० द्या, मग हळूहळू वर चढवा. पिन ४ वर आलेलाच सूर दिसला पाहिजे, हर्ट्झला हर्ट्झ. एका ठिकाणी तो साथ सोडेल आणि पिन ९ परत साडेचारकडे येईल. ती लॉकची वरची हद्द. मग त्याच्याही बाहेरून आत या. ज्या ठिकाणी पुन्हा झडप घालेल ती पकडीची हद्द. खालच्या बाजूलाही हेच. १३०० आणि २१०० हे दोन्ही पकडीच्या हद्दीत निवांत बसायला हवेत, काठावर नकोत. काठावर असतील तर सकाळी चालेल आणि दुपारी उन्हात सुटेल.

निरोप बाहेर काढणं

पिन १० पासून ग्राउंडला १० के लावा, त्याशिवाय ती पिन काम करत नाही. तिच्यावर निरोप आहे पण सोबत दुप्पट फ्रिक्वेन्सीची थरथरही आहे, २६०० ते ४२०० हर्ट्झची. तिला गाळायला एकापुढे एक तीन आरसी: प्रत्येकी २२ के आणि ४.७ नॅनोफॅरड. तिन्ही मिळून साधारण ३०० हर्ट्झपर्यंत सोडतात. ३०० बॉडचा सगळ्यात वेगवान निरोप १५० हर्ट्झचा असतो, तो निघून जातो आणि थरथर मागं राहते.

पुढे ३९३ चा उरलेला कंपॅरेटर. निरोप प्लस इनपुटला, आउटपुट ४.७ के नं अर्डुइनोच्या ५ व्होल्टला, आणि आउटपुटवरून प्लस इनपुटला १ मेगाओहम. यानं सुमारे ०.३ व्होल्टचा हिस्टेरिसिस मिळतो, म्हणजे उंबरठ्यावरच्या बारीक हालचालीनं आउटपुट फडफडत नाही. मायनस इनपुटला पॉटवरून उंबरठ्याचं व्होल्टेज. ते अंदाजानं लावू नका: स्थिर १३०० देऊन गाळलेलं व्होल्टेज लिहा, स्थिर २१०० देऊन लिहा, दोन्हींची सरासरी घ्या. माझ्याकडे दीड आणि साडेचारच्या आसपास होते, उंबरठा ३.

आता खरी परीक्षा. पाठवणाऱ्याकडून सारखं इंग्रजी कॅपिटल ‘यू’ पाठवत राहा. स्टार्ट आणि स्टॉप धरून या अक्षराचे बिट एकाआड एक ०१०१ असे येतात, थेट १५० हर्ट्झची चौकोनी लाट. कंपॅरेटरच्या आउटपुटवर मीटरनं १५० हर्ट्झ आणि अडीच व्होल्टच्या आसपास सरासरी दिसली की उंबरठा मध्यावर आहे. सरासरी एकीकडे झुकली तर उंबरठ्याचा पॉट केसभर फिरवा. हे जमल्यावरच सातशे मीटरची वायर मध्ये घाला.

वायर तुटली तर काय? एक्सॉर १७०० वर विश्रांती घेतो, म्हणजे पिन १० नेमकी उंबरठ्यावर, आणि आउटपुटवर कचरा नाचतो. त्या कचऱ्यातही कधीतरी बरोबर दिसणारा बाइट निघतो. म्हणून मी प्रत्येक बाइटमागं त्याचा उलटा बाइट पाठवतो, दोन्ही जुळले आणि ओळीनं तीनदा तेच आलं तरच दिवा लावतो. पाच सेकंद काहीच धड आलं नाही तर लाल दिवा.

वायरीच्या दोन्ही टोकांना गॅस डिस्चार्ज ट्यूब (जास्तीचा झटका जमिनीत सोडणारी नळी) आणि चांगलं अर्थिंग हवंच. वळवाच्या पावसात वीज थेट पडायची गरज नसते. शेजारच्या शिवारात पडली तरी उघड्या वायरीत झटका येतो.

आता बॅटरीची गोष्ट. पहिल्या वर्षी मी रेग्युलेटर न लावता १२ व्होल्टच्या बॅटरीवर सगळं जुळवलं, आणि उलटा बाइट वगैरे काही नव्हतं. टेबलावर सुरेख चाललं. रानात दिवसा सोलर पॅनल बॅटरीला १४ च्या वर नेई, पहाटे ती १२ च्या खाली. व्हीसीओचा सूर विजेवर हलतो आणि उंबरठा मात्र मी वेगळ्या जेनरमधून (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडमधून) दिला होता, म्हणजे एक पाय बैलगाडीत आणि दुसरा टमटममध्ये. एका पहाटे आखाड्यावर “विहीर भरलेली” असा हिरवा दिवा लागला होता. अण्णांनी मोटार चालूच ठेवली. विहिरीत गाळ उरला होता. सकाळी ते आले, दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे तुझं मशीन लई शिकलेलं दिसतंय, खोटं बोलाया लागलं.” मोटार जळाली. त्यानंतर ७८०९ आला, आणि उंबरठ्याचा पॉटही त्याच ९ व्होल्टवर आला, म्हणजे वीज हललीच तर दोघं एकत्र हलतात.

शेवटची जुळवाजुळव दुपारी दोन वाजता पेटी तापलेली असताना करा आणि पहाटे पाच वाजता पुन्हा मोजा. मध्य २०-३० हर्ट्झ सरकला तर सोडून द्या. शंभर सरकला तर टायमिंग कपॅसिटर बदला. प्रीसेटवर नखपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं ते फिरतात. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं तारखेसह लिहून ठेवलंय: शून्यावर ९००, साडेचारवर १७००, उंबरठा ३. त्याच्याखाली अण्णांनी स्वतःच्या अक्षरात मोटारीच्या वाइंडिंगचा खर्च लिहून ठेवलाय.